रात्री घोरणं आणि सकाळी लाल डोळे: दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरला सांगा

घोरणारा माणूस गाढ झोपतो, हा समज आपल्या घरांत इतका मुरलाय की कुणी घोरण्याला आजार म्हटलं तर हसू येतं. अब्बांच्या घोरण्याने भिंती कशा हलतात, हा तर लग्नघरात रंगवून सांगायचा किस्सा. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं आणि डॉक्टरांनी कारण सांगताना 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' हे नाव घेतलं, तेव्हा बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार. त्याचा हृदयाशी आणि रक्तदाबाशी संबंध आहे, एवढं त्यानंतर थोडंफार लोकांपर्यंत पोचलं. पण याच आजाराच्या काही खुणा डोळ्यांवर दिसतात, हे अजून फार थोड्यांना माहीत आहे.

आणि गंमत अशी, की डोळ्यांची तक्रार घेऊन माणूस लवकर डॉक्टरकडे जातो, घोरण्याची घेऊन कधीच जात नाही. सकाळी डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या, वाळू गेल्यासारखं खुपतंय, चिकट धाग्यासारखं चिपड येतंय. मग मेडिकलवाल्याकडून ड्रॉप. आठ दिवस बरं, नवव्या दिवशी पुन्हा तेच. मालेगाव-भिवंडीकडे लूमवर काम करणारा असेल तर दोष कापसाच्या धुळीला, रिक्षा चालवणारा असेल तर धुराला, आमच्यासारखा मास्तर असेल तर खडूला आणि पेपर तपासण्याला. हे दोष खोटे नाहीत. धुळीने डोळे बिघडतातच. पण धूळ दिवसा असते. ज्याचे डोळे संध्याकाळपेक्षा सकाळी उठल्यावर जास्त वाईट असतात, त्याने रात्रीचाही हिशेब मांडायला हवा.

श्वास अडकतो म्हणजे नेमकं काय होतं

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोपल्यावर ते सैल पडतात, जीभ थोडी मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण मान जाड असेल, वजन वाढलेलं असेल, जबडा लहान असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील तर हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना घसा थरथरतो, तो घोरण्याचा आवाज. वाट पूर्ण मिटली की आवाज थांबतो. घरच्यांना वाटतं, चला, शांत झोपले. प्रत्यक्षात तेव्हा छाती श्वास ओढण्यासाठी धडपडत असते आणि हवा आत जात नसते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून शरीराला हलकंसं जागं करतो, एक मोठा घुरका येतो आणि पुन्हा श्वास सुरू. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही.

श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर तो एक झटका धरतात. असे पूर्ण किंवा अर्धवट अडकण्याचे प्रकार तासाला ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम, ३० च्या वर गेले तर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा, तेही रात्रभर. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये भारतातल्या आधीच्या अभ्यासांची एकत्र मांडणी केली. त्यांच्या अंदाजाने आपल्याकडे सुमारे ११ टक्के प्रौढांना हा आजार आहे. पुरुषांत १३ टक्के, स्त्रियांत ५ टक्के. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालंय याची कल्पनाही नसते.

पापणी सैल का पडते

डोळ्यांशी असलेला सगळ्यात पक्का दुवा पापणीचा आहे. १९८१ साली अमेरिकेतल्या कल्बर्टसन आणि ऑस्लर या दोन नेत्रतज्ज्ञांनी एका नव्या विकाराचं वर्णन छापलं. त्यांचे रुग्ण होते वजनदार, मध्यमवयीन पुरुष. त्यांची वरची पापणी रबरासारखी मऊ झाली होती, बोटाने जरा वर ओढली की लगेच उलटी होत होती, आणि आतली बाजू लालभडक, बारीक पुरळांनी भरलेली. त्यांनी त्याला 'फ्लॉपी आयलिड सिंड्रोम' म्हटलं. आपण सोप्या भाषेत ढिली पापणी म्हणू. पुढे लक्षात आलं की अशी पापणी असलेल्या बहुतेक रुग्णांना स्लीप अ‍ॅप्नियाही असतो. उलटं मात्र खरं नाही. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या प्रत्येकाची पापणी ढिली पडत नाही, थोड्याच जणांची पडते.

पापणीच्या आत एक पातळ पण घट्ट पट्टी असते, तीच पापणीला आकार देते. या पट्टीत इलॅस्टिन नावाचे लवचीक धागे असतात. कमरेच्या इलॅस्टिकसारखंच समजा. ताणलं की परत जागेवर येतं. ढिल्या पापणीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा त्यात हे धागे फार कमी उरलेले आढळले. ते का कमी होतात, याची दोन कारणं दिली जातात. एक, रात्रभर प्राणवायू खाली-वर होत राहिल्याने शरीरात दाह वाढतो आणि धागे खाणारी रसायनं जास्त तयार होतात. दुसरं अगदी साधं कारण म्हणजे उशी. असा माणूस एका कुशीवर किंवा पालथा झोपतो, तोंड उशीत खुपसून. पापणी उशीवर घासली जाते, झोपेतच उलटते आणि आतला नाजूक भाग तासन्‌तास अभ्र्यावर रगडला जातो. म्हणूनच ज्या कुशीवर माणूस झोपतो, बहुधा त्याच बाजूचा डोळा जास्त खराब असतो. उजव्या कुशीवर झोपण्याची सवय आणि उजवाच डोळा सारखा लाल, असं असेल तर डॉक्टरांना हे जरूर सांगावं. ते सांगायचं आपल्याला सुचत नाही, कारण झोपायच्या कुशीचा डोळ्याशी काय संबंध, असं वाटतं.

एक विनंती. हे वाचून कुणी आरशासमोर उभं राहून पापणी ओढून ओढून बघू नये, आणि मुलांनी दादाजींची तर नाहीच नाही. ते काम डॉक्टरांचं आहे, त्यांना ते करायला पाच सेकंद लागतात.

आसवांचा थर

ढिली पापणी नसेल तरी दुसरा त्रास उरतोच, तो म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा. डोळ्यावर आसवांचा एक अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात पाणी असतं, डोळ्याला धरून ठेवणारा चिकट द्रव असतो आणि सगळ्यात वर तेलाचा पापुद्रा असतो, म्हणजे पाणी लगेच उडून जाऊ नये. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं, आणि प्रत्येक उघडझापीबरोबर पापणी ते डोळ्यावर पसरवते. खिडकीची काच पुसणारा रबराचा वायपर सैल झाला तर काचेवर पट्टे राहतात. पापणी डोळ्याला नीट चिकटून फिरली नाही की तसंच होतं. कुठे थर जाड, कुठे कोरडं.

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णांची आसवं तपासली गेली. त्यांच्यात आसवांचा थर लवकर फाटतो आणि आसवंही कमी तयार होतात, असं पुन्हा पुन्हा दिसलं. यात एक गोष्ट आम्हाला फार नवलाची वाटली. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दिवसा तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. रात्री पापण्या मिटल्यावर हवा बंद. तेव्हा पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतून त्याला प्राणवायू मिळतो. आता ज्याच्या रक्तातलाच प्राणवायू रात्रभर उतरतोय, त्याच्या कॉर्नियाला तरी पुरेसा कुठून मिळणार? संशोधक या शक्यतेकडे लक्ष देताहेत. शिवाय तुटक झोपेने आसवं कमी होतात हे वेगळंच.

काही जणांचे डोळे झोपेत पूर्ण मिटतच नाहीत, बारीक फट राहते. वरून पंखा गरगरतोय, उन्हाळ्यात कूलर चालू आहे. सकाळपर्यंत फटीतला भाग सुकून जातो.

इथे थोडं सावध राहायला हवं. प्रत्येक कोरड्या डोळ्यामागे स्लीप अ‍ॅप्निया नसतो. तासन्‌तास मोबाइल बघणं, मधुमेह, थायरॉइड, वाढतं वय, अ‍ॅलर्जी, काही औषधं, अशी कितीतरी कारणं आहेत. ढिल्या पापणीचा दुवा भक्कम आहे, कोरडेपणाचा तितका नाही. पण कोरडेपणा, मोठ्याने घोरणं आणि दिवसा डुलक्या हे तिन्ही एकाच माणसात असतील, तर तपासणी टाळायला कारण उरत नाही.

डोळे चोळण्याबद्दलही सांगायला हवं. डोळे खाजतात म्हणून माणूस ते चोळतो, चोळल्याने पापणी आणखी सैल होते आणि कॉर्निया कमजोर होऊ शकतो. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा केराटोकोनस नावाचा विकार आहे. ढिली पापणी आणि केराटोकोनस एकाच रुग्णात सापडल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. चष्म्याचा नंबर, विशेषतः सिलिंडरचा, सारखा बदलत असेल तर दुकानातल्या मशीनवर न थांबता नेत्रतज्ज्ञांकडे जावं.

घरगुती उपायांचं काय

आपल्या घरांत डोळा लाल झाला की सुरमा निघतो, नाहीतर गुलाबजल. सुरम्याबद्दल लोकांच्या भावना आम्हाला माहीत आहेत. पण पारंपरिक सुरमा ज्या खनिजापासून होतो त्यात शिसं असतं, आणि बाजारातल्या सुरम्यांतही शिसं असल्याचं अनेक देशांतल्या तपासण्यांत आढळलं आहे. आधीच सोललेल्या डोळ्यात त्याची पूड घालणं म्हणजे जखमेवर वाळू. मुलांच्या डोळ्यांत तर तो घालूच नये. वुजू करताना काही जण डोळे उघडे ठेवून आत पाण्याचे हबके मारतात. वुजूत चेहरा धुवायचा असतो, डोळ्याच्या आत पाणी पोचवणं आवश्यक नाही. टाकीचं पाणी किती स्वच्छ असतं ते आपण जाणतोच.

त्याहून घातक म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टेरॉइडचे ड्रॉप. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून लोक तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतात. महिनोन्‌महिने वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. आमच्या ओळखीतल्या एका लूम कामगाराने अशी बाटली बरेच महिने खिशात बाळगली होती. शेवटी एका नेत्रतज्ज्ञाने पापणी उलटून बघितली आणि औषध लिहायच्या आधी त्याच्या बायकोला विचारलं, "हे रात्री घोरतात का?" ती म्हणाली, "घोरतात, आणि मध्येच श्वास बंद पडतो. मी हलवून उठवते." इतकी वर्षं ती हलवून उठवत होती, पण डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरकडे काय घडतं

नेत्रतज्ज्ञ भिंगाच्या यंत्राखाली पापणी आणि कॉर्निया बघतात. डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात आसवांचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर थर कमजोर मानतात. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी ५ मिनिटं ठेवून ती किती भिजली हेही बघतात. यात दुखत नाही.

झोपेची तपासणी वेगळी. तिच्यासाठी कान-नाक-घसा किंवा छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. मोठ्या शहरांतल्या सरकारी मेडिकल कॉलेजात या विभागांकडे आधी चौकशी करावी, खाजगीचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. तपासणीत रात्रभर श्वास, प्राणवायू आणि हृदयाचे ठोके नोंदवतात. काही ठिकाणी छोटं यंत्र घरी नेऊनही करता येते. त्याआधी डॉक्टर काही प्रश्न विचारतात: मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब आहे का, वय ५० च्या वर आहे का, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का. शेवटचा प्रश्न शर्टाच्या कॉलरवरून घरीच सुटतो.

पालकसभेत पहिल्या दहा मिनिटांतच डुलक्या घेणारे वडील आम्ही दरवर्षी बघतो. आमचं भाषण कंटाळवाणं असेलही. पण तोच माणूस सभा संपल्यावर टेम्पो चालवत नाशिकला जाणार असतो, आणि तिथे डुलकी लागली तर हसण्यावारी नेता येत नाही.

अम्मीचं, खालाचं काय? बाई घोरते हे डॉक्टरांसमोर बोलायचीच लाज. त्यात स्त्रियांची लक्षणं अनेकदा वेगळी असतात: झोप न लागणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसभर अंगात जीव नसणं. घरचे म्हणतात, वय झालं. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये स्लीप अ‍ॅप्नियाचं प्रमाण वाढतं, आणि डोळ्यांचा कोरडेपणाही त्याच वयात वाढतो. त्यामुळे पन्नाशीतल्या अम्मीच्या डोळ्यांसाठी ड्रॉप आणताना तिच्या झोपेचीही चौकशी करायला हवी.

मशीन आणि तिचा वारा

मध्यम आणि तीव्र आजारावर मुख्य उपाय म्हणजे सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्येच ती पद्धत जगासमोर मांडली, म्हणजे ढिल्या पापणीचं वर्णन छापून आलं त्याच वर्षी. मशीन मास्कमधून हलक्या दाबाने हवा सोडत राहते, त्यामुळे घशाची वाट मिटत नाही. आजार आटोक्यात आल्यावर काही रुग्णांची पापणी आणि डोळे सुधारल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. सगळ्यांचेच सुधारतात असं नाही. सोबत रात्री डोळ्यात घालायचं मलम, पापणी उलटू नये म्हणून कडक कवच किंवा चिकटपट्टी, कूस बदलून झोपणं आणि वजन कमी करणं हे चालू ठेवावं लागतं. तरी भागलं नाही तर पापणी घट्ट करण्याचं ऑपरेशन असतं. कुठल्याही ऑपरेशनआधी, मग ते डोळ्याचं असो की हर्नियाचं, आपल्याला स्लीप अ‍ॅप्निया आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आता अडचणीची गोष्ट. हीच मशीन कधीकधी डोळे कोरडे करते. मास्क नाकाच्या वरच्या बाजूला नीट बसला नाही की हवा फटीतून थेट डोळ्यांवर येते. काहींच्या बाबतीत तर नाकातली हवा अश्रूंच्या नळीतून उलटी वर चढते. माणूस सकाळी लाल डोळे घेऊन उठतो आणि म्हणतो, मशीनने डोळे गेले, ठेवा ती कपाटावर. इतक्या महागाची वस्तू धूळ खात पडते आणि श्वास पुन्हा अडकायला लागतो. मशीन बंद करण्याआधी मास्क बदलून बघावा. पट्टे फार आवळले तरी मास्क वाकडा होऊन गळती वाढते. मास्कची गादी जुनी झाली तर बदलावी लागते. हवेत ओलावा मिसळणारं भांडं मशीनला जोडता येतं.

दाढी असलेल्यांची अडचण खास आहे. नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क दाढीवर चिकटून बसत नाही, हवा सुटते. मग माणूस पट्टे आवळतो आणि गळती नाकाकडे सरकते. त्यासाठी दाढी काढायची गरज नाही. फक्त नाकपुड्यांवर टेकणारा छोटा मास्क मिळतो, त्याचा दाढीशी संबंधच येत नाही. तोंडाने श्वास घेणाऱ्यांना तो चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. मशीन देणाऱ्याकडे दुकानात बसून नव्हे, आडवं पडून मास्क लावून बघायला मिळेल का, हेही विचारावं. बसल्यावर चेहरा वेगळा असतो, झोपल्यावर वेगळा.

आणखी एक सवय. फजरला उठताना मास्क काढला जातो, नमाज होते आणि मग 'जरा पाठ टेकतो' म्हणून जी तास-दीड तासाची झोप लागते, ती बहुतेक जण मास्कशिवाय काढतात. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, त्या वेळी घशाचे स्नायू सगळ्यात ढिले असतात आणि कित्येकांचा श्वास तेव्हाच जास्त वेळा अडकतो. रमजानमध्ये सहेरीनंतरच्या झोपेचंही तेच. म्हणून मशीन पलंगाजवळच, हाताला येईल अशी ठेवावी, आणि पुन्हा पडायचं असेल तर मास्क पुन्हा लावूनच पडावं.